पोटात शिरून केलेली चौकशी

बाहेरून विचारपूस करून पत्ता लागला नाही, तर माणसाच्या पोटात शिरावे लागते, हे मी विमा कंपनीच्या दावे विभागात 35 वर्षे घालवून शिकलो होतो. अर्जावर सगळे आलबेल असते; खरे काय ते अर्जदाराच्या शेजाऱ्याकडे दोन वेळा चहा प्यायल्यावर कळते. सेवानिवृत्तीनंतर दोनच वर्षांत हा प्रकार माझ्याच बाबतीत, आणि तोही अक्षरशः, घडेल असे मात्र मला वाटले नव्हते.

दुखणे सुरू झाले ते एका लग्नाच्या पंगतीनंतर. बरगड्यांच्या खाली, मध्यापासून जरा उजवीकडे, एक कळ उठली आणि दोन तास मुक्काम करून पाठीच्या वाटेने निघून गेली. ओवा झाला, हिंग झाला, गरम पाण्याची पिशवी झाली. समोरच्या बिऱ्हाडातील अण्णांनी दारातूनच ‘गॅस’ असे निदान केले. अण्णांच्या मते गुडघेदुखीपासून वीजबिलापर्यंत सगळ्याच्या मुळाशी गॅस असतो. परंतु कळ तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा आली, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतले, यकृताचे दोन आकडे वर चढलेले पाहून भुवई तेवढीच वर चढवली आणि सोनोग्राफी लिहून दिली. ‘तेलकट, तिखट किती खाता?’ या त्यांच्या प्रश्नाला मी ‘अगदी माफक’ असे उत्तर दिले. नाशिकसारख्या गावात, गोदाकाठी रोज पहाटे तासभर फिरायला जाणाऱ्या माणसाने हे उत्तर कितपत प्रामाणिकपणे दिले असेल, हा मुद्दा तूर्त बाजूला ठेवू.

सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे’ असा ठळक फलक होता. माझ्या पोटाचा घेर पाहता तो फलक मला उद्देशून असावा, अशी शंका बाकावरील दोन बायकांच्या चेहऱ्यावर दिसत होती. आत गेल्यावर पोटावर थंडगार जेली थापली गेली. ध्वनिलहरींचे आणि हवेचे हाडवैर असते. यंत्राचे टोक आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळसा थर जरी राहिला, तरी लहरी तेथूनच माघारी फिरतात, म्हणून ही जेली. बाहेरच्या हवेचा असा बंदोबस्त झाला, पण आतल्या हवेचे काय? तासाभराने अहवाल हाती पडला. पित्ताशयात बारीक गाळ आहे, पित्तनलिका 9 मिलिमीटर, म्हणजे असावी त्यापेक्षा काहीशी रुंद आहे, आणि तिचा खालचा भाग व स्वादुपिंड आतड्यातील वायूमुळे दिसू शकले नाही. नोकरीत माझ्या गोपनीय अहवालात बरेवाईट अनेक शेरे पडले, पण ‘वायूमुळे दिसू शकले नाही’ हा शेरा सही-शिक्क्यानिशी प्रथमच पडला. अण्णांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि विजयी मुद्रेने घडी घालून परत दिला.

पोटविकारतज्ज्ञ हे माझ्या मुलाच्या वयाचे निघाले. त्यांनी माझ्याच अहवालाच्या पाठीवर पेनाने एक मोठी पखाल काढली, तिला ‘जठर’ म्हटले, आणि तिच्या मागे एक वीतभर लांबीची, आडवी पहुडलेली मासोळी काढून तिला ‘स्वादुपिंड’ म्हटले. मासोळीचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात घट्ट बसवलेले, शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेली. वरून येणारी पित्तनलिका या डोक्यातूनच वाट काढत आतड्यात उघडते.

“काका, अडचण लक्षात आली का?” ते म्हणाले. “ही मंडळी पोटात सर्वांत मागे, पाठीच्या कण्याला टेकून बसली आहेत. पुढून पाहायला जावं, तर मध्ये जठर आणि आतडी, आणि त्यांत हवा. पण जठराच्या आत उतरलं, की पलीकडच्या भिंतीला लागूनच स्वादुपिंड. मग भिंतीला कान लावला की झालं.”

मी ज्या वाड्यात वाढलो, तेथे दोन बिऱ्हाडांमध्ये एकच भिंत होती आणि पलीकडे काय शिजते आहे, कोण कोणावर रागावले आहे, हे समजण्यासाठी कोणाला अंगणातून डोकावावे लागत नसे. त्यामुळे एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड या लांबलचक नावाचा खुलासा मला त्याच क्षणी झाला. एरवीची दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोपी, आपल्या घरात येऊन भिंतीचा रंग तेवढा पाहून जाते. पलीकडचे तिला दिसत नाही. बाहेरची सोनोग्राफी ही रस्त्यावरून हाका मारून चौकशी करण्यासारखी. या तिसऱ्या तपासणीत दुर्बिणीच्या टोकावरच सोनोग्राफीचे इवलेसे यंत्र बसवलेले असते. ते तोंडावाटे अन्ननलिकेतून जठरात आणि पुढे आतड्याच्या पहिल्या वळणापर्यंत जाते, आणि तेथून भिंतीपलीकडची चाहूल घेते. या दोघांचे लग्न 1980च्या सुमारास लागले. बारा वर्षांनी, म्हणजे 1992 साली, संसारात सुईही आली. पलीकडे काही गाठबिठ दिसली, तर दुर्बिणीतूनच बारीक सुई भिंतीपार सरकवून तिथल्या पेशी तपासणीसाठी काढून आणता येऊ लागल्या.

जवळून ऐकण्याचा आणखी एक फायदा डॉक्टरांनी समजावला आणि तो मला फार आवडला. ढोलाचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून येतो, पण झांजेची बारीक किणकिण जवळ उभे राहणाऱ्यालाच नीट कळते. ध्वनिलहरींचेही तसेच आहे. पोटावरून सोनोग्राफी करताना लहरींना खोलवर जायचे असते, म्हणून सेकंदाला साधारण 35 लाख कंपनांच्या आसपासच्या जाड्याभरड्या लहरी वापराव्या लागतात. आत उतरल्यावर अंतर उरते दोन-चार सेंटिमीटरचे. तेथे 75 लाख किंवा त्याहूनही अधिक कंपनांच्या बारीक लहरी चालतात, आणि लहर जितकी बारीक, तितके चित्र रेखीव. बाहेरून ज्याचा मागमूस लागत नाही असा दोन-तीन मिलिमीटरचा खडासुद्धा या तपासणीत सापडू शकतो.

दरम्यान, चुंबकाच्या बोगद्यात घालून पित्तनलिकेचे चित्र काढणारी एम.आर.सी.पी. ही तपासणीही झाली होती. तिचा अहवाल सांगत होता, ‘नलिकेच्या टोकाशी लहान खडा असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ हे वाक्य वाचून मला भरून आले. ‘शक्यता नाकारता येत नाही’ हा माझा नोकरीतला सर्वांत लाडका वाक्प्रयोग होता. त्याच्या आधाराने मी कित्येक फायली सहा-सहा महिने रखडवल्या आहेत. त्याचा अर्थ ‘लिहिणाऱ्याला ठाऊक नाही’ असा असतो, हे माझ्याइतके कोणाला कळणार?

“मग सरळ तो खडा काढूनच का टाकत नाही?” पत्नीने विचारले. तिचा स्वभाव निकाली कामांचा आहे.

डॉक्टर म्हणाले की खडा काढण्याची ई.आर.सी.पी. ही निराळी प्रक्रिया आहे. तिच्यात नलिकेच्या तोंडातून आत शिरावे लागते, क्ष-किरणांची मदत घ्यावी लागते, आणि तिच्यामुळे काही रुग्णांच्या स्वादुपिंडाला सूज येते. पूर्वी खडा आहे की नाही एवढे पाहण्यासाठीही ती करत. आता मात्र आधी भिंतीला कान लावून खात्री करायची, आणि खडा असेल तरच दार उघडायचे, अशी रीत पडली आहे. नसेल तर रुग्ण एका नसत्या धोक्यातून वाचतो. पत्नीला हा हिशेब पटला. मला कोणताच हिशेब पटण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो, कारण टेबलावरच्या माहितीपत्रकात त्या नळीचे छायाचित्र मला दिसले होते.

घरी आल्यावर बातमी पसरली. एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडला डॉक्टर मंडळी थोडक्यात ई.यू.एस. म्हणतात. पत्नीने फोनवर ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, हे नाव सांगितले आणि ताईंच्या कमी ऐकू येणाऱ्या कानाने त्यातला ‘ई’ वाटेत गाळला. संध्याकाळपर्यंत मी उपचारासाठी यू.एस.ला चाललो आहे, अशी वार्ता संगमनेरपासून डोंबिवलीपर्यंत पोहोचली. एका आत्येभावाने ‘इतकं गंभीर आहे आणि आम्हाला कळवलं नाहीस’ म्हणून रुसवा धरला. दुसऱ्याने येताना बदाम आणायला सांगितले. तपासणी गंगापूर रस्त्याच्या अलीकडेच आहे आणि संध्याकाळी मी घरी परत येणार आहे, हे सांगता सांगता माझी लाज निघाली. एवढ्या सहानुभूतीनंतर इतके जवळ जाणे बरे दिसत नव्हते.

आदल्या रात्री माणसाने वाचू नये ते मी वाचले. जठरात नळी घालून डोकावण्याचा पहिला प्रयोग 1868 साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे अडॉल्फ कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी केला, आणि त्यासाठी त्यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाला बोलावले होते. नळी ताठ होती, 47 सेंटिमीटर लांब आणि 13 मिलिमीटर जाड. मी उठून टेपने माझे बोट मोजले. माझ्यासाठी येणारी नळी मऊ आणि वळणारी असली, तरी तिच्या टोकाची जाडी 13-14 मिलिमीटरच असते. साध्या एंडोस्कोपीची नळी याहून बरीच बारीक असते, पण हिला सोबत सोनोग्राफीचे बिऱ्हाड घेऊन जायचे असते. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांत शास्त्राने एवढी मजल मारली, पण जाडी काही हटली नाही. फरक एवढाच, की त्या गृहस्थाला तलवारींचा सराव होता आणि मला डॉक्टरांनी जीभ दाखवा म्हटले तरी ओकारी येते.

“झोपा आता,” पत्नी म्हणाली. “तुम्हाला भूल देणार आहेत, तुम्हाला काय कळणार आहे?”

मला काहीच कळणार नाही, हीच तर माझी तक्रार होती.

सकाळचा उपास हा आमच्या घराण्यातल्या उपासांहून निराळा निघाला. आमच्याकडे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही परंपरा असल्यामुळे उपास म्हटला की साबुदाणा, वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याच्या फोडी अशी चढती भाजणी असते. येथे किमान सहा तास पोटात अन्न नको, शेवटी शेवटी पाणीही नको. भुलेच्या गुंगीत पोटातले अन्न उलटून फुफ्फुसात गेले तर अनर्थ होतो, हे कारण ऐकल्यावर मी साबुदाण्याचा विषय स्वतःहून मागे घेतला. रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची परवानगी होती. मधुमेहाची गोळी मात्र डॉक्टरांनी त्या सकाळपुरती थांबवली होती. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेता का, कधीपासून, कोणत्या, हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेळा विचारले. सुई घालायची वेळ आली तर रक्तस्राव होऊ नये म्हणून त्या गोळ्यांचा निर्णय आधीच घ्यावा लागतो, आणि तो रुग्णाने आपल्या मनाने घ्यायचा नसतो. मी तिन्ही वेळा ‘नाही’ म्हणालो. दावे विभागात आम्हीही असेच करत असू. तिसऱ्या वेळी उत्तर बदलले की फाईल वेगळी काढायची.

संमतिपत्र वाचण्याची पाळी आली तेव्हा मात्र माझ्यातला अधिकारी जागा झाला. मी चष्मा लावला, खिशातून पेन काढले आणि कलमवार वाचू लागलो. अन्ननलिकेला किंवा आतड्याला छिद्र पडणे: अतिशय क्वचित. रक्तस्राव, जंतुसंसर्ग: क्वचित. स्वादुपिंडात सुई घातल्यास सूज: शंभरात एखाद-दुसऱ्याला. मजकूर स्वच्छ, आकडे वाजवी, पळवाट एकही नाही. मी विमा उतरवायला आलेल्या माणसाला असला कागद आयुष्यात दिला नव्हता. “काका, अजून पाच जण आहेत मागे,” असे सिस्टर म्हणाल्या, तेव्हा मी सही केली.

“कवळी? हलणारा दात? अंगठी?”

कवळी नव्हती. अंगठी निघेना. 32 वर्षे बोटात रुतलेली ती लग्नातली अंगठी साबण लावून काढताना पत्नीच्या चेहऱ्यावर जे भाव होते, त्यांचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही. पाठीमागे नाड्या असलेला हिरवा अंगरखा चढवला गेला. हा अंगरखा पुढून माणसाची लाज राखतो आणि मागून ती जगजाहीर करतो; त्याची रचना करणाऱ्याने रुग्णाला केवळ समोरून पाहिले असावे.

तपासणीच्या खोलीत थंडी होती आणि कोपऱ्यात कोणीतरी जुनी हिंदी गाणी हळू आवाजात लावली होती. घशात फवारा मारला गेला. चव कडू, आणि मिनिटभरात घसा आपला नसून शेजाऱ्याकडून उसना आणलेला आहे, असे वाटू लागले. गिळल्याचे कळेना, न गिळल्याचेही कळेना. डाव्या कुशीवर वळवून दातांमध्ये प्लॅस्टिकची एक कडी बसवली गेली, म्हणजे मी भीतीने दात आवळले तरी लाखमोलाच्या दुर्बिणीला चावा बसू नये. बोटाला चिमटा, दंडाला पट्टा, नाकाशी प्राणवायूची नळी. त्या काळ्याभोर नळीकडे पाहायचे नाही असे ठरवून मी तिच्याकडेच पाहत राहिलो. भूलतज्ज्ञ बाई शांतपणे म्हणाल्या, “काका, शिरेत थोडं झोंबेल,” आणि सलाईनच्या नळीतून दुधासारखे पांढरेशुभ्र औषध खाली उतरू लागले. दूध पाहून मला बासुंदी आठवली. त्यापुढचे मला काही आठवत नाही.

एवढ्या धास्तीने ज्या प्रसंगाची वाट पाहिली, तो प्रसंग मला अनुपस्थित ठेवूनच पार पडला. मी डोळे उघडले तेव्हा भिंतीवरचे घड्याळ अर्ध्या तासाने पुढे सरकले होते आणि मी ‘सुरू कधी करणार?’ असे विचारत होतो. विचारत होतो, असे मला नंतर सांगण्यात आले. बोलण्याचा तो एकच नमुना नव्हता, हेही नंतरच कळले.

तासाभराने डॉक्टरांनी चित्रे दाखवली. ती रंगीत असतील असा माझा समज होता. प्रत्यक्षात ती पावसाळ्यात दूरदर्शनवर दाखवतात त्या ढगांच्या चित्रांसारखी करडी निघाली. जठराची भिंत तेवढी मला ओळखू आली, कारण ती चिरोट्यासारखी पदरापदरांची दिसते; एक उजळ, एक काळा, असे पाच पदर. त्यातला कोणता पदर सुजला वा फाटला आहे, यावरून भिंतीतल्या गाठीचे मूळ किती खोल आहे, हे डॉक्टरांना कळते. माझे पाचही पदर शाबूत होते. जठराच्या आत उतरूनही थोडीफार हवा आडवी येतेच, म्हणून काही वेळा नळीच्या टोकावरचा एक इवलासा फुगा पाण्याने भरून भिंतीला टेकवतात, असे त्यांनी सांगितले. ते सांगताना अण्णा तेथे नव्हते, याचे मला समाधान वाटले.

“हे स्वादुपिंड. छान आहे. गाठ नाही, सुईची गरजच पडली नाही.”

माझ्या शरीरातल्या कोणत्याही वस्तूला कोणी ‘छान’ म्हणून बरीच वर्षे झाली होती. मी त्या करड्या ढगाकडे कौतुकाने पाहिले.

“आणि ही पित्तनलिका. हा इथे पांढरा ठिपका दिसतो? आणि त्याच्यामागे ही काळी सावली? हा तुमचा खडा. चार मिलिमीटर.”

लहरी खड्यावर आपटून परततात, त्याच्या पलीकडे जातच नाहीत, म्हणून खड्यामागे अशी काळी पट्टी पडते. ज्वारीच्या दाण्याएवढा हा प्राणी तीन आठवडे मला रात्री बसवून ठेवत होता, रक्ताचे आकडे चढवत होता, दोन तपासण्यांना चकवत होता, आणि शेवटी आपल्या सावलीमुळे पकडला गेला. दोन दिवसांनी ई.आर.सी.पी. करून तो काढायचे ठरले. पित्ताशयाच्या गाळाचे काय करायचे, ते शल्यविशारदांशी बोलून पाहायचे होते.

सुटीच्या कागदावर सूचनांची रांग होती. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत काही खायचे-प्यायचे नाही, नाही तर ठसका लागून भलत्या वाटेने जाईल. घसा एक-दोन दिवस खवखवेल, पोट फुगल्यासारखे वाटेल, ढेकर येतील. पोटात जोराची कळ आली, ताप आला, उलटीत रक्त दिसले किंवा शौच काळे झाले, तर मात्र घरी ओवा खात न बसता ताबडतोब परत यायचे. 24 तास गाडी चालवायची नाही आणि कोणत्याही महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही, कारण गुंगीचा अंमल वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. सहीच्या कलमाखाली पत्नीने पेनाने दोन रेघा ओढल्या. तिला गुंगीच्या अंमलाविषयी एवढी आस्था का वाटावी, हे मला तेव्हा उमगले नाही.

उलगडा रात्री झाला. समोर मऊ भात, मेतकूट आणि तुपाचा इतका छोटा थेंब होता, की तो शोधायलाही ई.यू.एस.च लागले असते. पत्नी शांतपणे वाढत होती, आणि त्या शांततेची मला 32 वर्षांची ओळख आहे.

“काय झालं?” मी विचारले.

“काही नाही. तुम्ही शुद्धीवर येत होतात ना, तेव्हा सिस्टरांचा हात धरून काहीतरी सांगत होतात.”

“काय?”

“म्हणालात, ‘नेहमीचीच द्या. तर्री जास्त, दोन पाव जादा. आणि हिला सांगू नका.’”

माझ्या ताटातला भात एकाएकी फार रुचकर लागू लागला आणि मी मान वर न करता तो संपवला. गोदाकाठच्या पहाटेच्या फेरफटक्याला जे वळण होते, आणि त्या वळणावर नाशिकची जी झणझणीत मिसळ होती, ते सगळे 35 लाख कंपनांना दिसले नव्हते, 75 लाखांनाही नाही. पोटातले ओठावर आणायला दुधासारखे दोन चमचे औषध पुरले.

दोन दिवसांनी ई.आर.सी.पी.साठी आम्ही पुन्हा त्याच खोलीबाहेर बसलो होतो. मला आत नेण्यासाठी भूलतज्ज्ञ बाई दारापर्यंत आल्या, तेव्हा पत्नी लगबगीने उठून त्यांच्याजवळ गेली.

“मॅडम, आजही तेच औषध देणार ना?” तिने विचारले.

“हो, तेच. का बरं?”

“नाही, द्या तेच,” ती म्हणाली. “मला ह्यांना आणखी दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत.”